साडूभाऊंचं दरसालचं पुस्तक

माझ्या साडूभाऊंइतका पैशाचा भाव जाणणारा, आणि इतकं जाणूनही ज्याच्या हाताला पैसा कधी चिकटला नाही, असा माणूस अख्ख्या पश्चिम खानदेशात दुसरा झालेला नाही. कुणी म्हणत असेल की झाला, तर त्याला माझ्याकडे रनाळ्याला पाठवून द्या. मी तिसऱ्या बुकातून शाळा सोडली, पण वादात मला अजून कुणी हरवलेलं नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव म्हसावद, धंदा शेती, आणि शिक्षण माझ्याहून एक बुक जास्त. त्या एका बुकाचा ताठा त्यांनी जन्मभर मिरवला, आणि मी तो जन्मभर चालवून घेतला, कारण सासुरवाडीच्या पंगतीत ते माझ्या वरच्या पाटावर बसत.

इंग्रजाच्या राज्यात आमच्याकडचा शेतकरी छापील वस्तू विकत घ्यायचा ती एकच, पंचांग. साडूभाऊ पंचांग शेजाऱ्याचं बघत आणि स्वतःचे पैसे खर्चून मुंबईहून मागवत ते जुन्या नाण्यांच्या भावांचं पुस्तक. मुंबईचा कुणी नाण्यांचा व्यापारी ते दरसाल दिवाळीच्या तोंडावर काढी. गुजरातीत छापलेलं असे. कोणत्या बादशहाचं कोणतं नाणं, त्याचं चित्र, आणि पुढे त्याचा त्या सालचा भाव. किंमत सव्वा रुपया, टपालखर्च वेगळा. गुजराती त्यांना कापसाच्या व्यापाऱ्यांच्या गादीवर बसून बसून वाचता येऊ लागलं होतं. त्यांच्या स्वतःच्या नाण्यांचं म्हणाल तर चहाच्या पत्र्याच्या डब्यात काही शिवराया, ढब्बू पैसे, बडोद्याचे दोन बाबाशाही रुपये आणि एक राणीछाप, एवढीच दौलत. एकेक नाणं सरकी काढलेल्या कापसात गुंडाळून ठेवलेलं, जसं काही थंडीनं आजारी पडेल. मी एकदा त्यांना तोंडावर म्हणालो की तुमच्या डब्यातल्या नाण्यांपेक्षा ती पुस्तकं घेण्यात गेलेली नाणी जास्त असतील. ते म्हणाले, असतील. आणि पुढचं पान उलटलं.

पुस्तक आलं की पोस्टमनला आधी गुळाचा चहा आणि मग पैसे. मग ते नवं पुस्तक एका तळहातावर आणि गेल्या सालचं दुसऱ्या तळहातावर घेऊन तोलत. मग नाकाला लावत. शाईचा वास उग्र आला तर पुस्तक घाईत छापलं, आणि घाईत छापलं म्हणजे भाव कच्चे, असा त्यांचा हिशेब. पुढचा आठवडाभर ओट्यावर दोन्ही पुस्तकं उघडी असत आणि दोन बोटं दोन पानांवरून बैलजोडीसारखी बरोबरीनं खाली उतरत. त्या आठवड्यात घरात कुणी आजारी पडायचं नाही आणि पाहुण्यानं यायचं नाही. मी एकदा नेमका त्याच दिवसांत उन्हातून गेलो. पाणी विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "साडूभाऊ, शिवराई तीन आना चढनी. कसाले चढनी व्हई?" शिवराई कशाला चढली ते मला ठाऊक नव्हतं. मला तहान लागली होती एवढं ठाऊक होतं, पण ते त्या पुस्तकात नव्हतं.

आठवडा संपला की ओट्यावरून निकाल जाहीर होई. कापसाच्या बाजारात जशी भाषा असते तशी, "औंदानं पुस्तक नरम शे," किंवा "औंदा पुस्तकमा दम शे." एका साली चित्रं इतकी पुसट निघाली की सगळ्या बादशहांना एकच मिशी आली. साडूभाऊंनी ते पुस्तक उलटं करून ठेवलं आणि वर्षभर सुलटं केलं नाही. आणखी एका साली पुस्तकाचा तिसरा हिस्सा जाहिरातींचा निघाला, केसांचं तेल, खिशातली घड्याळं, शक्तीच्या गोळ्या. त्यांनी जाहिरातींची पानं कात्रीनं कापली, वाण्याच्या तराजूत तोलली आणि पुडकं बांधून मुंबईला परत पाठवलं, की एवढ्या वजनाचे पैसे वळते करा. उत्तर आलं नाही. पुढच्या सालच्या पुस्तकात जाहिराती दुप्पट झाल्या. मला वाटलं, आता हे पुस्तक बंद करतील. पण साडूभाऊंचा चेहरा फुललेला. म्हणाले, "मन्ही चिठ्ठी पोचनी."

मग त्या पुस्तकात भावाचे तीन रकाने सुरू झाले आणि आम्हा सोयऱ्यांचं दिवस काढणं कठीण झालं. झिजलेल्या नाण्याला एक भाव, बऱ्याला दुसरा आणि कोऱ्याला तिसरा. साडूभाऊंना ही रीत इतकी पटली की ते जगालाच तीन रकान्यांत बसवू लागले. लग्नाला गेले की मांडवात बसल्या बसल्या नवरदेव बऱ्यात, त्याचा बाप झिजलेल्यात आणि पंगतीतली बुंदी कोऱ्यात. बैलबाजारात दात बघायच्या आधी रकाना सांगत, आणि विकणारे त्यांना बघून बैल दुसऱ्या झाडाखाली नेऊन बांधत. मला त्यांनी बरीच वर्षं मधल्या रकान्यात ठेवलं होतं. एकदा जेवताना माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "साडूभाऊ, तुमले मी बरंमा धरेल व्हतं. पन आते तुमना म्होरला दात पडना." मी पानावरून उठलो. माझी बायको माझ्या बाजूनं काही बोलेल असं वाटलं होतं. पण तिला त्यांनी कोऱ्यात धरलं होतं, म्हणून ती वरण वाढत राहिली.

पुस्तकाच्या उपयोगावरून आमचा जो वाद होता तो वीस वर्षं चालला आणि माझ्याकडून तो अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं साधं होतं. तो भाव मुंबईच्या व्यापाऱ्यानं छापलेला आहे. तुम्ही घ्यायला गेलात तर तो त्या भावानं देईल. तुम्ही विकायला गेलात तर तो चष्मा पुसत बसेल. मग सव्वा रुपया देऊन तुम्ही विकत काय घेता, तर त्याच्या दुकानाची पाटी. यावर साडूभाऊ म्हणत की भाव माहीत असला म्हणजे माणूस फसत नाही. मी म्हणे, फसायला आधी जवळ काहीतरी असावं लागतं. एकदा मी त्यांना मुद्दाम नंदुरबारच्या सराफ्यात नेलं. त्यांनी चढलेली शिवराई पुढे ठेवली आणि पुस्तकातला भाव मागितला. सराफानं शिवराई तांब्याच्या मोडीत टाकायला हात पुढे केला. परत येताना गाडीत मी नुसता हसत बसलो. धमडाई गाव मागे पडल्यावर साडूभाऊ आपणहून म्हणाले की पुस्तक चुकलेलं नाही, नंदुरबार चुकलेलं आहे.

आता मी जे सांगतो ते माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. पेरणीच्या आधीचा म्हसावदचा आठवडेबाजार होता. मी नांगराचा फाळ घ्यायला गेलो होतो आणि साडूभाऊ नेहमीप्रमाणे चांदीच्या कारागिराच्या फळीजवळ उभे राहून लोकांच्या मोडीत काय निघतं ते बघत होते. तेवढ्यात तोरणमाळच्या अंगाच्या पाड्यावरचा एक पावरा आदिवासी आणि त्याची बायको आली. त्यानं बैल ठरवला होता. सौदा झाला होता, दावं हातात यायचं बाकी होतं, पण पैसे कमी पडत होते. बाईनं गळ्यातली रुपयांची माळ काढून कारागिराच्या फळीवर ठेवली. माळ ठेवली, पण तिचा हात मात्र मोकळ्या गळ्यावरच राहिला. त्या माळेत सगळे गोल रुपये होते आणि बरोबर मध्यभागी एक चौकोनी. चारी कोन काळे पडलेले, एका कोनाला कडी झाळून जोडलेली. कारागिरानं माळ तराजूत घातली.

साडूभाऊंनी तराजूवर पालथा हात ठेवला. मला म्हणाले, थांबवा याला, आणि धोतराचा सोगा हातात धरून घराकडे पळाले. त्या वयात त्यांना पळताना मी तेव्हा पाहिलं तेवढंच. पुस्तक घेऊन आले, पान काढलं, चित्राशेजारी तो चौकोनी रुपया ठेवला. हुबेहूब. मोगली नाणं, आणि भाव मधल्या रकान्यातला, अठरा रुपये. सगळी माळ तोलून जेवढे आले असते तेवढे त्या एकट्याचे. त्यांनी पावऱ्याला समजावून सांगितलं की अख्खी माळ कशाला मोडतोस, हा एकच दे, बैल येईल आणि बाकीची माळ बाईच्या गळ्यात राहील. त्याला पुरतं समजायच्या आधी त्याच्या बायकोला समजलं. तिनं तराजूतून माळ उचलली, त्या रुपयाला ती नुसती चौकोनी म्हणे, ती सोडवून फळीवर ठेवली आणि बाकीची गळ्यात घालून टाकली.

एवढं सगळं छान झालं, फक्त अठरा रुपये देणारा कुणी नव्हता. कारागीर म्हणाला, "काका, मी तोळावर ल्हेस. पुस्तक अठरा देत व्हई ते पुस्तकले इका." बाजार हसला. मीही हसलो, का हसू नये? वीस वर्षं मी हेच सांगत होतो. साडूभाऊ पुस्तक उघडं धरून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेले. कापडवाला, किराणावाला, गुळाचा अडत्या. सगळ्यांनी चित्र पाहिलं, सगळ्यांनी मान डोलावली आणि सगळ्यांनी पुस्तक परत दिलं. तिकडे बैलवाला उठून उभा राहिला होता. दुसरं गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होतं. पावरा एकदा बैलाकडे बघे आणि एकदा साडूभाऊंकडे, आणि त्या दुसऱ्या बघण्यात राग यायला लागला होता. आणि का येऊ नये? त्याचा ठरलेला सौदा एका म्हाताऱ्यानं पुस्तक दाखवून मोडायला आणला होता.

मी साडूभाऊंना बाजूला घेतलं आणि सांगितलं की झालं ते झालं, माळ परत तराजूत घालायला सांगा, बैल हातचा जाईल. त्यांनी पुस्तकातल्या अठरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "भाव मी सांगना, साडूभाऊ. आते तो मन्हा भाव शे, पुस्तकना नही."

आणि पुन्हा घराकडे गेले. या वेळी पळाले नाहीत. परत आले तेव्हा पंच्यात बांधलेले अठरा रुपये होते. ते कसले होते ते मला ठाऊक होतं. आयुष्यात एकदा मुंबईला जायचं, त्या पुस्तकवाल्याच्या दुकानाची पायरी चढायची आणि त्याला समोर बसवून त्याच्या चुका सांगायच्या, यासाठी त्यांनी ते थोडे थोडे करून बाजूला टाकले होते. नंदुरबारहून ताप्तीच्या कडेनं सुरत आणि सुरतेहून मुंबई, कुठे गाडी बदलायची ते त्यांना पाठ होतं. ते रुपये त्यांनी पावऱ्याच्या हातावर ठेवले आणि चौकोनी घेतली. पावऱ्यानं ती रक्कम जाऊन बैलवाल्याला दिली, दावं हातात घेतलं आणि बायकोबरोबर डोंगराच्या वाटेला लागला. जाताना बाई एकदा मागे वळली, ती साडूभाऊंच्या मुठीकडे बघायला.

साडूभाऊंनी त्या नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिलीनं त्याचा ठसा काढला आणि मुंबईला पाठवला. या वेळी मात्र उत्तर आलं. कडी झाळलेली असल्यास नाण्याला निव्वळ चांदीचा भाव मिळेल. मी कुणाकडून तरी ते कार्ड वाचून घेतलं आणि पावसाळाभर त्यांच्याकडे गेलो की कडीची चौकशी करत असे. ते म्हणत की त्याने कागद पाहिला, मी नाणं पाहिलं.

पण खरा घाव दिवाळीला बसला, आणि तो मुंबईहून आला नाही, घरातूनच आला. माझ्या थोरल्या मेव्हणीला आम्ही सगळे जिजी म्हणतो. घासणं हा जिजीचा धर्म. तिच्या घरी पाहुणा तांब्या तोंडाला लावताना त्यात आपलं तोंड पाहून दचकतो. आमच्याकडे धनतेरसला घरातलं सगळं सोनं-रुपं चिंचेनं आणि राखेनं लख्ख करून, दुधानं धुऊन लक्ष्मीपुढे मांडतात. त्या पुस्तकात तर पहिल्याच पानावर लिहिलेलं असे की जुनं नाणं कधी घासू नये, त्याच्यावरचा काळेपणा हीच त्याची पत. म्हणून साडूभाऊंच्या डब्याला जिजीनं हात लावायचा नाही, असा दोघांचा जुना करार होता आणि तिनं तो पाळलाही होता. पण त्या दिवाळीला तिनं असा विचार केला की चौकोनी काही डब्यातली नाही. तो एका बाईचा दागिना आहे, आपल्या घरी राहायला आला आहे, आणि दुसरीचा दागिना काळा ठेवून लक्ष्मीपुढे बसणं शोभत नाही. साडूभाऊ शेतातून आले तेव्हा पाटावर चौकोनी आरशासारखी चमकत होती. त्याच आठवड्यात आलेल्या नव्या पुस्तकात छापलं होतं, घासलेल्या नाण्याचा भाव निम्मा.

ते ओरडले नाहीत. जेवले, हात धुतले आणि जिजीशी बोलणं बंद केलं. जिजीही माझ्या बायकोची बहीण, तिनं विचारलं नाही. पुढे होळीपर्यंत त्या घरात जे काय बोलायचं ते पाहुण्यांच्या तोंडून. मी गेलो की मला म्हणत, तुमच्या मेव्हणीला सांगा भाजीत मीठ कमी आहे. मेव्हणी माझ्याकडे बघून म्हणे, सांगा, मीठ घासून पुसट झालं. या कामासाठी मी गाडी जोडून रनाळ्याहून म्हसावदला जात होतो.

होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो. डोंगरातली माणसं खाली उतरतात, ढोल येतात, आणि बाया घरात असेल नसेल ते सगळं रुपं अंगावर घालून येतात. त्या दिवशी मी साडूभाऊंच्या ओट्यावरच होतो. तो पावरा आणि त्याची बायको सरळ ओट्याशी येऊन उभे राहिले. बाईच्या गळ्यात माळ होती आणि चौकोनीच्या जागी लाल दोऱ्याची गाठ. पावरा आमच्या बोलीत अडखळत बोलला. बैल चांगला निघाला. पीक आलं, हिवाळ्यात दोघांनी खाली येऊन उसाच्या गुऱ्हाळावर काम केलं. अठरा आणले आहेत. होळी आहे, चौकोनी द्या.

साडूभाऊंनी नवं पुस्तक आणलं. मी कपाळाला हात लावला. त्यांनी पान काढून सांगितलं की औंदा अठराचे वीस झाले आहेत. पावऱ्याचा चेहरा उतरला. साडूभाऊ म्हणाले, थांब, अजून पुढे आहे, हे नाणं माझ्या घरात घासलं गेलं, घासलेल्याचा निम्मा, तेव्हा दहा दे. पावऱ्याचा उतरलेला चेहरा आता लाल झाला.

"अठरा घेतले, अठरा देणार. दहा कसे? मी तुझे आठ लुबाडले का?"

साडूभाऊ म्हणाले, दहाच्या मालाचे अठरा घेतले तर लुबाडणारा मी होईन. पावरा रुपये पुढे सरकवी, साडूभाऊ आठ उचलून मागे सरकवत. विकणारा भाव पाडतोय आणि घेणारा चढवतोय, असा सौदा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. दोघांचे आवाज चढले. रस्त्यातली माणसं थांबली. मला मध्ये पडता आलं असतं, पण मला कुणाच्या बाजूनं पडावं ते कळेना.

बाईचं लक्ष या दोघांकडे नव्हतंच. साडूभाऊंनी दाखवायला काढलेली चौकोनी तिनं उचलली होती आणि उन्हात धरून अलगद फिरवत होती. तिच्या हनुवटीवर उजेडाचा कवडसा नाचत होता. ती आपल्या भाषेत नवऱ्याला काहीतरी म्हणाली आणि हसली. तो भांडण सोडून आम्हाला म्हणाला, ती म्हणते, बापानं दिली त्या दिवशीसुद्धा एवढी चांगली नव्हती. हे कुणी केलं?

साडूभाऊंनी पुस्तकाकडे पाहिलं. कोणत्या रकान्यात बघावं ते त्यांना सापडलं नसावं. मग ते दाराकडे वळले. जिजी उंबऱ्यात उभी होती. दिवाळीनंतर पहिल्यांदा ते तिच्याशी थेट बोलले. म्हणाले, "काय भाव लावू?"

जिजी म्हणाली, "अठरा ल्या. मन्ही घसाई फुकट."

साडूभाऊंनी पुस्तक मिटलं. बाईनं तिथेच ओट्यावर बसून लाल दोरा सोडला आणि चौकोनी माळेत घातली. जिजीनं तिला गाठ मारायला मदत केली.

त्या अठरा रुपयांची मुंबई झाली नाही. मी पुष्कळदा आठवण दिली, पण साडूभाऊ म्हणत की आता त्याला सांगण्यासारखं काही राहिलं नाही. पुस्तक मात्र दरसाल येतच राहिलं, ते शेवटचे अंथरुणाला खिळले त्या सालापर्यंत, आणि दरसाल ते नरम किंवा दमदार ठरत राहिलं. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. ते पुस्तक बिनकामाचं होतं. त्यातल्या भावानं विकलं गेलेलं एकच नाणं मी जन्मात पाहिलं. ते एकदा विकलं गेलं, एकदा परत घेतलं गेलं, आणि त्या नवरा-बायकोला पुस्तकातलं अक्षरही वाचता येत नव्हतं.

आता साडूभाऊ नाहीत. भोंगऱ्याच्या बाजाराला मी अजून म्हसावदला जातो, गुडघे दुखतात तरी जातो. डोंगरातल्या बाया रुपं घालून उतरतात आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यांच्या माळा बघत असतो. गेल्या होळीला बायकोनं मला हटकलं, या वयात बायांच्या गळ्याकडे काय दखी ऱ्हायनात म्हणून. मी पुढची माळ बघायला लागलो. सगळ्या माळा गोल रुपयांच्याच होत्या. आणि चौकोनी दिसली असती, अन् त्या बाईनं थांबून मला विचारलं असतं की औंदा हिचा भाव काय, तर मला तो सांगता आला नसता.